शिट्टीबाईचा डोंगर

शिट्टीबाईला गावात कुणी आवडीनं हाक मारत नसे. काम निघालं की मारायचे. शर्टाची कॉलर उलटायची असली, पोराच्या गणवेशाची पँट आखूड झाली असली, की दारातून यायचं, "बाई, आहात का घरात?" एरवी ती रस्त्यानं येताना दिसली, की ज्याच्या हातात कुऱ्हाड किंवा कोयता असेल तो मुकाट्यानं गल्ली बदलायचा. तोंडावर 'बाई' आणि पाठ फिरली की 'शिट्टीबाई'. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचं तिला सारखंच होतं.

ती शिवणकाम करायची. डोंगराच्या पायथ्याशी शेवटची गल्ली, त्या गल्लीत तिचं घर. पुढच्या खोलीत पायाचं मशीन, बाजूला कापड कापायचं उंच टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले अर्धवट शिवलेले सदरे. गिऱ्हाइकाला तारीख दिली की त्या तारखेला कपडा मिळणारच. मात्र कपडा घेताना गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकूनही घ्यावे लागायचे. "चुलीत काय घालताय हल्ली? ओलं की वाळलं?" असं ती बटण टाकता टाकता विचारायची, आणि भलेभले चाचरायचे.

तिचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा डोंगरावर दाट जंगल होतं. नवरा सुतार. पुढे सरकारी लिलाव झाला, ठेकेदार आला, आणि डोंगर उतरायला लागला. उतरायला लागला म्हणजे शब्दशः. रोज एकेक ट्रक भरून. त्या वेळी गावात कुणाला वाईट वाटल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. लाकूड स्वस्त झालं होतं. ज्यांना कधी दार परवडलं नव्हतं त्यांच्याकडे दुहेरी दारं आली. सुताराची तर चंगळ होती. त्यानं बायकोला एक कपाट करून दिलं, आरसा बसवलेलं. तिनं ते गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवलं. तेव्हा तिनं डोंगराकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं.

मग हळूहळू एकेक गोष्ट होत गेली. वरचा झरा आटला. गल्लीतल्या विहिरीचं पाणी खाली गेलं, दोराला दोर बांधायची पाळी आली. पाऊस आला की गटारातून लाल चिखल वाहायचा. लोक म्हणाले, जग बदललंय, ऋतू पूर्वीसारखे राहिले नाहीत. आणि एका पावसाळी दुपारी, ती पुढच्या खोलीत इस्त्री करत असताना आणि नवरा मागच्या पडवीत रंधा मारत असताना, डोंगराची एक कड सुटली. पोत्यातून धान्य ओतावं तसा आवाज झाला, फक्त तो थांबला नाही. मागची भिंत आत आली. शेजाऱ्यांनी फावडी घेऊन उपसलं. सुतार सापडला, पण उशीर झाला होता.

त्याच्या अंगावर पडलेली फळी त्याच डोंगरातल्या झाडाची होती, असं लोक पुढे कितीतरी दिवस एकमेकांना रंगवून सांगत होते. लोकांना अशा गोष्टी आवडतात. तिला त्यात काही अर्थ दिसला नाही. फळी कुठलीही असती तरी माणूस गेलाच असता.

त्या वर्षी सरकारनं झाडं लावली. मोठी माणसं आली, फोटो निघाले, रोपं खड्ड्यात गेली आणि उन्हाळ्यात वाळली. पुढच्या वर्षी नवी मोठी माणसं आली आणि त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावून गेली. बाई खिडकीतून बघत होती. रोपांकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, पण तोडलेल्या जुन्या खोडांना दर पावसाळ्यात आपसूक फुटवे येत होते. वीतभर वाढले की शेळ्या खायच्या, हातभर वाढले की कुणीतरी सरपणाला न्यायचं. डोंगर मेला नव्हता. त्याला कुणी जगू देत नव्हतं. हे काही तिनं शोधून काढलं असं नाही. पारावरच्या कुठल्याही म्हाताऱ्यानं तेच सांगितलं असतं, सांगतही होते. म्हातारे बसून सांगत राहिले आणि बाई उठून गेली, एवढाच फरक.

शाळेच्या खेळाच्या मास्तरांकडून तिनं एक जुनी पितळी शिट्टी मिळवली. सकाळी मशीनवर बसायच्या आधी आणि संध्याकाळी उठल्यावर ती डोंगरावर एक फेरी मारायची. कुणी जिवंत फांदीला हात घातला की शिट्टी. कुणाच्या शेळ्या वर चढल्या की शिट्टी. लोक आधी हसले, मग चिडले. एकानं तिच्या दारात काट्यांचा ढीग टाकला. तिनं तो तसाच उचलून कुंपणाला लावला आणि त्याला निरोप पाठवला, "आणखी असतील तर पाठव, मागची बाजू उघडी आहे."

तिच्या बाजूनं पहिली आली ती दूधवाली. खांद्यानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. तिच्या म्हशींना पाणी लागायचं आणि विहीर आटत होती, म्हणून आली. थोर विचार वगैरे काही नव्हता. मग गल्लीतल्या इतर बायका आल्या. पाळ्या लागल्या. वाळकं लाकूड ठरलेल्या दिवशी न्यायचं, ओल्याला हात नाही. शेळ्या खालच्या उतारावर, वर नाही. आणि पानगळ संपली की सगळ्यांनी झाडू घेऊन वर जायचं आणि डोंगराभोवती रुंद पट्टा झाडून स्वच्छ करायचा, म्हणजे वणवा खालून आला तरी त्याला पुढे जायला पाला मिळू नये. त्याला त्या जाळपट्टी म्हणायच्या. दिवसभर झाडून कंबर मोडायची आणि दूधवाली म्हणायची, "घरात इतकं झाडलं असतं तर सासूनं पाय धुतले असते माझे!"

सगळ्यात कडू प्रसंग घरातलाच. बाईच्या थोरल्या भावाची, दादाची, बाजारात पावाची भट्टी होती. भट्टी लाकडावर चालायची. एका पहाटे उजाडता उजाडता बाईला उतारावरून येणारी हातगाडी दिसली. वरती गोणपाट, खाली ओले ओंडके. गाडीमागे दादा स्वतः. ती आडवी उभी राहिली आणि शिट्टी वाजवली. बायका धावत आल्या.

"माझ्यावर शिट्टी?" दादा म्हणाला. "ज्या भट्टीच्या पावावर वाढलीस तिच्यावर?"

"पाव भाज की. लाकूड बाहेरून आण."

"बाहेरून म्हणजे कुठून? दुसऱ्या कुणाच्या तरी डोंगरावरूनच ना? तिथं कुणाचा नवरा गाडला गेला तर चालेल तुला?"

बाईनं गाडीचा दांडा घट्ट धरला. त्या प्रश्नाचं उत्तर तिला पुढेही कधी मिळालं नाही. पण तिनं गाडी सोडली नाही. ओंडके चावडीवर जमा झाले, चार माणसांत दादाची शोभा झाली, आणि बहीणभावाचं बोलणं तुटलं. पुढे लाकूड महागलं तेव्हा दादानं भट्टीला तेलाचा बर्नर बसवला. बहिणीसाठी नव्हे, हे तो पाव बांधून देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचा. वहिनी मात्र अधूनमधून मागच्या दारानं यायची, शिवायला म्हणून एखादी उशीची खोळ घेऊन. "वन्सं, ते ऐकायचे नाहीत. तुम्हीच या ना एकदा." बाई म्हणायची, "खोळ कधी हवीय?"

डोंगर परत आला. एका वर्षात नाही. गल्लीतली पोरं शाळेत जाऊन बाप होईपर्यंत. फुटव्यांची झाडं झाली, झाडांखाली पाला साचला, पाल्याखाली ओल राहिली. झरा आधी पावसाळ्यापुरता आला, मग उन्हाळ्यातही राहिला. विहिरीचा जोडदोर कुणीतरी सोडून गुरं बांधायला नेला. नव्या पोरांना हा डोंगर कधी बोडका होता हे सांगूनही पटेना.

आणि मग जंगल आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आंधळं दळतं तेव्हा कुणी येत नाही, पीठ पडलं की येतात. कॅमेरेवाले आले. मोठ्या हॉलमध्ये समारंभ झाला. बाईला फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर तिचं नाव चुकीचं छापलेलं होतं. तिनं दाखवून दिलं तेव्हा देणारे हसून म्हणाले, "कळतंय ना कुणाचं ते!" पुढच्याच वर्षी डोंगराला तारेचं कुंपण पडलं. फाटक, तिकिटाची खिडकी आणि एक हिरवी पाटी. पाटीवर वरच्या ओळीत होतं, 'हे जंगल आपलं आहे.' खालच्या ओळीत, 'परवानगीशिवाय आत येणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.' दूधवालीला वाचता येत नव्हतं. तिला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मग हे 'आपलं' म्हणजे कोण?"

फाटकावर पहारेकरी म्हणून लागला तो बाईचा भाचा, दादाचा मुलगा. तिशीचा, लग्न झालेला, भट्टीच्या उष्णतेला कंटाळलेला. पानगळ संपल्यावर बाई झाडू घेऊन फाटकाशी गेली तेव्हा तो कानकोंडा झाला.

"आत्या, नको ना. माझी नोकरी जाईल."

"मी कुठं कुऱ्हाड आणलीय? जाळपट्टी झाडायचीय."

"आत आता पानसुद्धा हलवायचं नाही. नियम आहे."

ती जंगलखात्याच्या कचेरीत गेली. साहेब तरुण होता, माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, जाळपट्टी हवी हे मला शिकवलेलं आहे. मी वर पुन्हा पुन्हा कळवलंय. माणसं देत नाहीत."

"आम्ही आहोत की."

"तुम्ही आत गेलात आणि कुणाला साप चावला तर मी जबाबदार."

"इतकी वर्षं साप नव्हते काय?"

"असतील. पण तेव्हा ते जंगल माझं नव्हतं," तो म्हणाला. हे तो अगदी हळू आवाजात म्हणाला, जणू त्यालाही ते ऐकायचं नव्हतं.

काही बायकांना सुटल्यासारखं वाटलं; कितीतरी वर्षांनी सकाळ रिकामी मिळाली. एकीला वाळक्या काटक्यांच्या मोळीसकट पकडून दिवसभर कचेरीच्या पायरीवर बसवून ठेवलं. त्या दिवशी गल्लीतलं काहीतरी तुटलं. ज्या हातांनी शेळ्या हाकलल्या होत्या त्याच हातांनी लोक तारा वाकवून रात्री-बेरात्री ओल्या फांद्या आणायला लागले. जंगल आपलं होतं तेव्हा राखत होते, त्यांचं झाल्यावर तोडायला लागले. बाईनं एका शेजाऱ्याला हटकलं तर तो म्हणाला, "तुम्ही आता कोण? तुम्हाला तरी आत सोडतात का?" तिनं शिट्टी बटणांच्या डब्यात टाकली आणि डबा बंद केला.

आग लागली ती भर उन्हाच्या दुपारी. सहलीला आलेल्यांनी चूल मांडली म्हणतात, कुणी म्हणतं विडी. खरं कधी कळलं नाही. भाचा फाटक टाकून गल्लीत धावत आला, शर्टाची बटणं उघडी. "आग! वर आग लागलीय! चला, सगळे चला!"

चहाच्या टपरीवर माणसं बसली होती. कुणी उठलं नाही. एकजण बशीतला चहा संपवत म्हणाला, "तिकीट काढावं लागेल का रे?" दोघं तिघं हसले. दुसरा म्हणाला, "ज्याचं जंगल त्यानं विझवावं."

बाई दारात उभी होती. भाचा तिच्याकडे वळला आणि त्याचं तोंड रडवेलं झालं. "आत्या, तू चल. तू आलीस तर बाकीचे येतील."

बाकीचे येणार नाहीत हे तिला दिसत होतं. तरीही ती निघाली. का निघाली हे तिला नंतर पुष्कळांनी विचारलं. ती म्हणायची, "मूर्खपणा." दूधवाली आली, सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, तरी आली. आणखी दोघी आल्या, दोघी म्हाताऱ्याच. बाजारातून जाताना भट्टीच्या दारात दादा उभा होता. डोंगरावरचा धूर बघत होता.

"वाजव की आता तुझी शिट्टी," तो म्हणाला.

त्याच्या मागून वहिनी बाहेर आली. हातात मैद्याची रिकामी गोणपाटं, हौदात बुडवून गच्च भिजवलेली. नवऱ्याच्या अंगावरून पाणी ठिबकवत ती पायरी उतरली आणि बाईच्या बरोबरीनं चालायला लागली.

वर पोचल्या तेव्हा पाला गुडघ्याएवढा साचलेला होता. कुणी झाडलाच नव्हता. आग जमिनीवरून पाण्यासारखी पसरत येत होती. ओल्या गोणपाटांनी त्या झोडपत राहिल्या. एका जागी विझवावी तर पाल्याच्या आतून धुमसत दुसऱ्या जागी वर यायची. पेटलेले ओंडके उतारावरून गडगडत खाली जायचे आणि खाली नवी आग लावायचे. अग्निशमनाची गाडी आली, फाटकापाशी थांबली. तिची नळी फाटकापर्यंतच पुरत होती. शेवटी बाई ओरडली, "सोडा बाकीचं! झरा धरा!" झऱ्याभोवतालच्या घळीला वेढा घालून त्यांनी हातांनी, पायांनी, फांद्यांनी पाला मागे ओढला. भाचाही होता त्यांच्यात, एवढं खरं. घळ वाचली. बाकीचा डोंगर ऊन कलेपर्यंत काळा झाला.

बाईचा डावा तळवा भाजला. दूधवाली चालत खाली आली, स्वतःच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "जरा दम खाते." धुरानं भरलेली तिची छाती पुन्हा मोकळी झाली नाही. दवाखान्यात काही दिवस काढून ती गेली. म्हशी तिच्या जावयानं विकल्या.

मग चौकशी आली. आग कुणी लावली हे सापडेना, तेव्हा त्या दिवशी विनापरवाना आत कोण होतं ते शोधलं. वर्तमानपत्रात आलं, 'सरपणासाठी शिरलेल्या स्थानिक महिलांच्या निष्काळजीपणाचा संशय.' भाच्याचा जबाब घेतला होता. त्यानं खोटं काहीच सांगितलं नाही. महिला आत होत्या का? होत्या. परवानगी होती का? नव्हती. त्यांना बोलावून कुणी नेलं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. प्रकरण पुढे थंडावलं, कुणाला शिक्षा झाली नाही, पण ते छापलेलं कुणी पुसलंही नाही.

वहिनी मागच्या दारानं आली. खोळ वगैरे काही आणलं नव्हतं. "वन्सं, त्याला दोन लेकरं आहेत. घाबरला तो."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते लाकडाबद्दल नसतं वहिनी," बाई म्हणाली. वहिनी रडली. बाईनं तिला रडू दिलं, पाणीही दिलं, पण भाच्याचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर साहेब स्वतः चालत आला. गटारातून लाल पाणी वाहत होतं, ते ओलांडून. उंबऱ्याशी बूट काढून मशीनसमोरच्या स्टुलावर बसला.

"बाई, मंजुरी आली. गावच्या बायकांना घेऊन राखण करायची, मजुरी खात्याकडून. तुम्ही पुढे व्हा. तुमच्याशिवाय होणार नाही."

"दूधवालीला आली का मंजुरी?"

साहेबानं मंजुरीचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "माझ्या हातात होतं तेवढं मी केलं."

"केलं असेल. आम्ही हातात नव्हतं तेही केलं, साहेब. एकदा वाढवून झालंय माझं. आता तुमचं आहे, तुम्ही वाढवा." आणि ती पाय मारायला लागली. मशीनच्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना, म्हणून तो उठला.

तिच्याशिवाय होणार नाही हे काही खरं नव्हतं. झालं. वहिनी गेली, तिच्यामागे आणखी सातआठ जणी गेल्या. कुणी मजुरीसाठी, कुणी विहिरीच्या भीतीनं. दादानं आदळआपट केली, पण वहिनीनं उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं नाही. पानगळीनंतर त्यांनी पट्टा झाडला, थोडा अरुंद, थोडा वाकडा. गल्ली म्हणू लागली, बाईला मान हवा होता, मिळाला नाही म्हणून रुसली. बाईच्या कानावर ते आलं. तिनं खोडून काढलं नाही. त्यात थोडं खरं असेल असंही तिला कधीकधी वाटायचं. पण पाय उचलायचा नाही म्हणजे नाही. मागची, डोंगराकडची खिडकी तिनं कापडाच्या ठाणांनी भरून टाकली.

एक दिवस वहिनी डोंगरावरून परस्पर तिच्याकडेच आली. पायाला राख, नखांत माती. ओट्यावर बसून पाणी प्यायली.

"जळक्या खोडांना फुटवे आलेत, वन्सं. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना."

"येतातच."

"तुम्ही एकदा नुसतं बघायला तरी..."

"नाही."

 बाईनं शर्ट उलटा केला, काजं तपासली, सुईत दोरा ओवला. तिला विचारायचं नव्हतं. तरी शेवटी तिच्या तोंडून निघालंच.

"शेळ्या चढतात का वर?"

"चढतात. टपरीवाल्याच्या आहेत. हाकललं तर अंगावर येतो."

बाईनं दातांनी दोरा तोडला, आणि डब्यातली शिट्टी बाजूला सारून दुसरं बटण लावायला घेतलं.